निघू की थांबू

दुपारचं जेवण झालं की प्राध्यापक यशवंत हुपरीकर आरामखुर्चीत टेकतात आणि झोपायचं नाही असं ठरवतात. आजही ठरवलंय. आज तर झोपून चालणारच नाही. टीव्हीचा आवाज बंद केलाय, पण चित्र चालू आहे. नकाशावरून लाल बाण इकडून तिकडे धावतायत, निवेदिकेचे ओठ हलतायत, खाली पट्टी सरकतेय. पट्टीतली अक्षरं हळूहळू एकमेकांत मिसळायला लागतात. पंख्याचा आवाज लांब जातो, मग जवळ येतो.

राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस हल्ली रोज संध्याकाळी कोल्हापुरातल्या आपल्याच दिवाणखान्यातून, पाठीमागे पुस्तकांचं कपाट ठेवून, वाहिनीवर युद्धाबद्दल बोलतो. नावाखाली ‘आंतरराष्ट्रीय घडामोडींचे अभ्यासक’ अशी अक्षरं येतात. भाजीवालासुद्धा आता विचारतो, “सर, तेल महाग होणार का?” सर सांगतात. आतापर्यंत सगळ्यांना सगळं सांगत आलेत. फक्त आज सकाळी लेकीचा फोन आला, आणि सर अडकले.

मृण्मयी, म्हणजे मनू, आखातातल्या एका शहरात डॉक्टर आहे. कालपर्यंत ते शहर नकाशावर बाणांच्या बाहेर होतं. आज आत आलंय. विमानतळ बंद. ज्यांना जायचंय त्यांना हॉस्पिटल बसने सरहद्दीपलीकडे सोडणार आहे, पण संध्याकाळच्या आत कळवायला हवं. “बाबा, एवढंच सांगा. निघू की थांबू?” सरांनी महासत्तांच्या भूमिकेपासून सुरुवात केली. मनू ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “तुम्ही विचार करा आणि सांगा,” आणि तिनेच फोन ठेवला.

विचार करता करता सरांची मान कलते.

“जरा सरका,” कुणीतरी म्हणतं.

सर सरकतात. आरामखुर्चीत दोघांना जागा कशी होते, असा प्रश्न त्यांना पडत नाही. शेजारी त्यांची बायको, कुमुद, बसलीय. गुडघ्यावर हात ठेवून टीव्ही बघतेय. तिला जाऊन बरेच दिवस झालेत, हे सरांना आठवतं. पण तिला तसं म्हणणं बरं दिसणार नाही.

“ही बाई काय म्हणतेय?”

“जगाने चिंता व्यक्त केलीय.”

“म्हणजे काय केलं?”

“म्हणजे... चिंता व्यक्त केली.”

“आपल्या कॉलनीची टाकी फुटली तेव्हा चेअरमननीही केली होती. पाणी मात्र मी विहिरीवरनं आणलं.”

सर समजावून सांगायला तोंड उघडतात, तर समोर टीव्ही नाहीच. समोर एसटी स्टँड आहे. उन्हात गाड्या उभ्या आहेत, काचेमागे पाट्या लावल्यात. एरवी गडहिंग्लज, राधानगरी, मलकापूर अशी नावं असायची. आज देशांची नावं आहेत. एका पाटीवर नुसतं ‘वाटाघाटी’ लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात ‘विनाथांबा’. त्या गाडीत ड्रायव्हर नाही, पण माणसं खिडक्यांपर्यंत भरलीत आणि रुमाल टाकून जागा धरतायत.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे,” भोंग्यातून आवाज येतो. “युद्धविराम फलाटावर लागत आहे. लागत आहे. अजून लागत आहे.”

“हा तुमचाच आवाज की हो,” कुमुद म्हणते.

खरंच त्यांचाच आहे. सर इकडेतिकडे बघतात. कुणी ओळखलं तर नाही ना?

“आपण कुठल्या गाडीत बसायचं?” ते विचारतात.

“तुम्ही अभ्यासक. तुम्ही सांगा.”

“आपलं धोरण दोन गाड्यांत एकेक पाय ठेवायचं आहे.”

“आणि गाड्या सुटल्या की?”

“त्याला स्वायत्तता म्हणतात, कुमुद.”

“माझ्या आईकडे गेलं की तिची बाजू, तुमच्या आईकडे आलं की त्यांची. तुम्ही आयुष्यभर तेच केलंत. स्वायत्तता म्हणतात हे मला माहीत नव्हतं,” असं म्हणून ती हसते. ते हसू फार ओळखीचं आहे.

ती त्यांचा हात धरून एका गाडीत चढते. आत बाक नाहीत. लांब टेबल आहे, पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, आणि प्रत्येकासमोर आपापल्या देशाची पाटी. सगळे कानाला यंत्र लावून बसलेत. जो तो दुसऱ्याला संयम बाळगायला सांगतोय. सांगून झालं की टाळ्या वाजतात. टेबलाखाली मात्र कुणीतरी कुणाला तरी खोकी सरकवतंय. वरून हस्तांदोलन, खालून खोकी. खोक्यांत काय आहे हे सरांना माहीत आहे. त्यावर त्यांनी लेख लिहिलेत. पण आता वाकून बघायची हिंमत होत नाही.

त्यांच्यापुढेही एक पाटी आहे. ती कोरी आहे.

“तुम्ही कोणाच्या बाजूने?” पलीकडचा गृहस्थ अदबीने विचारतो.

“माझी मुलगी तिथे आहे,” सर म्हणतात.

गृहस्थ कानातलं यंत्र ठोकून बघतो. “माफ करा, याचं भाषांतर येत नाहीये.”

सर उठून खिडकीपाशी जातात. काचेपलीकडे हॉस्पिटलचा पांढरा कॉरिडॉर आहे. मनू आहे त्यात. पांढरा कोट, केस कसेतरी बांधलेले. एका म्हाताऱ्याला दंडाला धरून ती पावलापावलाने चालवतेय. दिवे जातात, येतात. दरवेळी दिवे आले की ती थोडी पुढे गेलेली असते. सर काच वाजवतात. ये, मनू, ये इकडे, असं त्यांना ओरडायचं असतं. की थांब असं? ते जिवाच्या आकांताने ओरडतात, आणि तोंडातून शब्द येतात, “परिस्थिती गुंतागुंतीची असून सर्व पर्याय खुले आहेत.”

पुन्हा ओरडतात. पुन्हा तेच.

मनू वळूनही बघत नाही.

“कुमुद, मला बोलता येत नाहीये!”

“बोलताय की. केव्हाचे बोलताय.”

आता ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खाली बसलेत. बस नाही, काच नाही. फरशी गार आहे. समोर वर्तमानपत्र पसरलंय आणि त्यावर मेथीच्या जुड्या. कुमुद पानं खुडतेय, देठ बाजूला टाकतेय. एक जुडी ती त्यांच्याकडे सरकवते.

“हे धरा. हाताला काम असलं की तोंड शांत राहतं.”

सर खुडायला लागतात. त्यांना नीट जमत नाही. अंगठ्याचं नख देठात रुततं.

“तिला काय सांगू?” ते खाली बघूनच विचारतात. “तू आता तिथे आहेस. गेलेल्या माणसांना पुढचं दिसत असेल.”

“कसलं दिसतंय! तिथेही दिवसभर चर्चाच. नवीन माणूस आला की सगळे त्यालाच विचारतात, संपलं का हो? आणि तो बिचारा म्हणतो, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

“थट्टा करू नकोस.”

“थट्टा नाही हो.” ती खुडायची थांबते. तिचा चेहरा एकदम दमलेला दिसतो, आजारपणात दिसायचा तसा. “मला खरंच माहीत नाही.”

“तू असतीस तर काय सांगितलं असतंस?”

“मी आधी रडले असते. मग विचारलं असतं, जेवलीस का म्हणून.”

“एवढंच?”

“मग ती बोलली असती. ती बोलली की तिचं तिला कळतं. लहानपणापासनं तसंच आहे तिचं. तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही—” कुमुद वाक्य अर्धवट सोडते आणि कान टवकारते. “फोन वाजतोय बघा.”

“वाजू दे. तू बस.”

“अहो, उठा. लेकीचा आहे.”

फोन खरंच वाजतोय. टीव्हीवर नकाशा तसाच आहे. सर चाचपडत फोन उचलतात.

“बाबा?” मनूचा आवाज. मागे कुणीतरी खाटा ओढतंय. “ठरवलंत का?”

सर तोंड उघडतात. महासत्तांचं वाक्य जिभेवर तयार आहे. ते गिळतात.

“जेवलीस का गं?”

“नाही.”

“सकाळपासून?”

“सकाळी चहा घेतला. बाबा, तुम्ही बरे आहात ना?”

“मनू, मला माहीत नाही. तू निघावंस की थांबावंस, मला काहीही कळत नाही. मी टीव्हीवर जे बोलतो ना, ते बोलता येतं म्हणून बोलतो. मला फक्त भीती वाटतेय.”

पलीकडे ती रडते, की हसते, नीट कळत नाही.

“मलाही वाटतेय,” ती म्हणते. “सकाळी वाटलं, तुम्ही तरी ठामपणे सांगाल. सांगितलं असतंत तर भांडले असते तुमच्याशी.” नाक ओढून ती पुढे बोलते, “माझ्या वॉर्डातल्या लोकांना तळघरात हलवतायत. एक आजोबा आहेत, दुसऱ्या कुणाला हातच धरू देत नाहीत. सगळे खाली गेले की निघेन मी. आजची बस चुकेल कदाचित. उद्या असेल, नसेल. चालेल ना?”

चालणार नाही, असं सरांना म्हणायचंय.

“आधी काहीतरी खा,” ते म्हणतात. “आणि खाली पोचलीस की सांग.”

“हो. ठेवते.”

फोन बंद होतो. आपण बरोबर केलं की चूक, ते सरांना कळत नाही. वाहिनीचा निरोप येऊन पडलाय, आज पुढचा अंदाज वर्तवायचाय. सर तो उघडत नाहीत. डोळे पुसायला हात वर नेतात, आणि मध्येच थांबतात.

कुमुद गेल्यापासून या घरात चूल पेटत नाही. डबा बाहेरून येतो. आजच्या डब्यात वांग्याची भाजी होती.

उजव्या अंगठ्याचं नख हिरवं झालंय. कडेला, कातडीत, थेट आतपर्यंत. सर ते नाकापाशी नेतात. मेथीचा कडसर, ओला वास येतो.