सांडव्यापर्यंत

आलेल्या वाटेनं परत जायचं नाही, हा नियम आयुष्यभर पाळणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. आम्ही एकमेकांना साडूभाऊ म्हणतो आणि अहोजाहो करतो. एकाच सासूच्या हाताखालून गेलेल्या माणसांनी एकमेकांचा मान ठेवावा, असं त्यांचं म्हणणं. ते राहतात रोडपालीला. कोथिंबीर आणायला ते कळंबोलीच्या बाजारात एका रस्त्यानं जातात आणि अर्धं गाव वळसा घालून दुसऱ्या रस्त्यानं येतात, तोवर कोथिंबीर मान टाकते. लग्नाच्या हॉलमध्ये पुढच्या दारानं शिरून आचाऱ्यांच्या दारानं बाहेर पडतात. माझे वडील गेले तेव्हा स्मशानातून परततानाही त्यांनी सगळ्यांना तलावाच्या बाजूनं नेलं. मागून कुणीतरी कुरकुरलं, तर वळून म्हणाले, "आलो त्याच रस्त्यानं परत गेलो तर काहीच झालं नाही असं वाटतं हो." त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही.

देवाच्या बाबतीतही सवलत नव्हती. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, दर सोमवारी शंकराला जाते. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नाही, तिथवर जाऊन मागं फिरायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक असते. साडूभाऊ पन्हळ ओलांडून पूर्ण प्रदक्षिणा घालत. "अहो, शंकराची अर्धीच असते," ती दातओठ खात पुटपुटे. "अर्धी कशाला? शंकर काय हप्त्यानं पावतो?" असं म्हणून हे नंदीपाशी तिची वाट बघत उभे.

अशा माणसाला सायकलचं वेड लागलं तर ते गोल फेरीचंच लागणार. नेरे गावाच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एक धरण आहे. लोक तिथं जातात, पाणी बघतात, भजी खातात आणि परत येतात. साडूभाऊंना पाण्याला पूर्ण वळसा घालायचा होता. अलीकडच्या काठानं चांगला रस्ता आहे, पलीकडच्या काठाला कुठं डांबर, कुठं खडी, कुठं नुसती श्रद्धा. फेरी आखायला त्यांना फोनवरचा नकाशा पुरला नाही. एकदा मेव्हणीनं मळून ठेवलेल्या कणकेचे त्यांनी जेवणाच्या टेबलावर डोंगर केले, मधे ताटलीत पाणी ठेवलं आणि सुपारी फिरवून मला चढ समजावले. जेवायला उशीर झाला. तिनं तो डोंगर जसाच्या तसा लाटला आणि आम्ही तो वांग्याच्या भाजीबरोबर खाल्ला. चढांना त्यांनी नावं दिली होती. सगळ्यात उभा चढ तो 'सासूबाई'. दिसायला सपाट पण हळूहळू दम काढणारा एक लांबलचक तुकडा होता, त्याचं नाव त्यांनी माझ्यावरून ठेवलं. सांडव्याच्या पुढं एक लांब उतार होता. त्याला मात्र नाव नव्हतं.

नाव नव्हतं कारण उताराला ब्रेक लागतो, आणि साडूभाऊंच्या डाव्या हाताला कंपवात झाला होता. सुरुवातीला नुसती कपबशी वाजायची. "चहा अजून उकळतोय," असं ते म्हणत आणि आम्ही हसत असू. मग डॉक्टरांनी सांगितलं की व्यायाम चालू ठेवा, पण या हातावर भरवसा ठेवू नका. त्याच संध्याकाळी मेव्हणीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भावोजी, त्यांना आखू द्या. रोज आखू द्या. त्यातच जीव आहे त्यांचा. फक्त जाऊ देऊ नका." मी मान हलवली. माझा स्वभाव असा की कुणी गंभीरपणे सांगितलं की मी आधी मान हलवतो आणि विचार नंतर करतो.

तेव्हापासून मी त्यांची फेरी मोडायला लागलो. फेरी जुळत आली की मी एक अडचण नेऊन ठेवायचो. मोरी खचली आहे. वाळूचे डंपर सुरू झालेत. एकदा काहीच सुचेना तेव्हा म्हणालो, "सांडव्याच्या अलीकडे कुत्र्यांची टोळी आहे. सहासात आहेत. सायकलवाल्याला सोडत नाहीत." मी तिकडे कधी गेलोही नव्हतो. साडूभाऊंनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा नकाशावर वाकले. दरवेळी ते नवा उपाय शोधत आणि दरवेळी मी नवं संकट. त्यात एक हिवाळा गेला, मग दुसरा. मला वाटत होतं, मी एका माणसाचा जीव वाचवतोय.

एका रविवारी गेलो तर मेव्हणी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. ते छताकडे बघत उभे होते, लहान मुलासारखी मान वर करून. ती शेवटच्या बटणाशी आली तेव्हा त्यांनी मला दारात पाहिलं आणि म्हणाले, "या साडूभाऊ. आज काय खचलंय?"

मला बसवेना. ज्या दोन हिवाळ्यांत हा माणूस जाऊ शकला असता ते मी खाऊन टाकले होते, कणकेच्या डोंगरासारखे. मी म्हणालो, "काही नाही. पुढच्या रविवारी जाऊ." मग स्वयंपाकघरात जाऊन मेव्हणीलाही तेच सांगितलं. तिनं ओट्यावरचा कणकेचा डबा पुढं ओढला. म्हणाली, "पोळ्या किती देऊ?"

गेलो. पहाटेचं धुकं होतं आणि नेऱ्याच्या पुढं शेतांवर ते अजून पडून होतं. माझी सायकल शेजाऱ्याची, माझे गुडघे माझेच. माझ्या नावाच्या तुकड्यावर मीच आधी दमलो. काकड्या विकायला बसलेल्या एका आजीनं आम्हाला थांबवलं. "कुठं चाललाव?"

"पाण्याला पूर्ण वळसा घालून," साडूभाऊ म्हणाले.

"पलीकडं काय हाय? आमी गुरंपन तिकरं नेत नाय." मग त्यांच्या हलणाऱ्या हाताकडे बघून तिनं एक काकडी माझ्याकडे दिली. "तू धर रं. तुझा भाऊस हाय ना?"

"साडू," मी म्हणालो.

"मंग तर भावापरीस जवल."

'सासूबाई' मी चालत चढलो. साडूभाऊ बसून चढले, एकदाही पाय न टेकता, आणि वर जाऊन माझी वाट बघत उभे राहिले. तसा ताठ उभा राहिलेला तो माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही.

सांडव्यापाशी पोचलो. पाणी कमी होतं, शेवाळावरून एक बारीक धार खाली जात होती. कठड्याच्या सावलीत एक म्हातारी कुत्री झोपली होती. तिनं एक डोळा उघडला आणि मिटला.

"हीच का ती टोळी?"

मी खाली बघितलं. "बाकीच्या रजेवर असतील."

पुढं तो बिननावाचा उतार होता. त्यांनी डावा ब्रेक दाबून बघितला. बोटं वळली, पण मिटली नाहीत. पुन्हा दाबला. मी पाण्याकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठंही बघणं शक्य नव्हतं.

"चालत उतरू की," मी म्हणालो.

"चालत गेलं तर ती फेरी कसली?" त्यांनी सांडव्याच्या धारेकडे बघून विचारलं, "साडूभाऊ, धरणाचं पाणी बाहेर पडतं ते इथूनच ना?"

"इथूनच."

"मग झालं." त्यांनी सायकल वळवली. "पन्हळ ओलांडायची नसते."

आलेल्या वाटेनं आम्ही परत निघालो. 'सासूबाई' सायकली हातात धरून उतरलो. फेरी संपल्यावर चालायला हरकत नाही, शिवाय सासूबाईंसमोरून बसून जाणं बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. सपाटीला लागल्यावर मात्र पुन्हा सायकलवर बसले आणि मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालवत राहिलो. फाटकात मेव्हणी उभी होती. कधीपासून, ते तिनं सांगितलं नाही. "झाली फेरी?"

"झाली. शंकराची असते तेवढी."

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि चहा ठेवायला आत गेली.

आता त्यांची सायकल गॅलरीत असते आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. आखणं त्यांनी सोडून दिलं. अधूनमधून मी त्यांना गाडीतून सांडव्यापर्यंत नेतो. त्या कुत्रीला बिस्किटं घालतो आणि आलेल्या वाटेनं परत येतो. पलीकडच्या काठाला मी अजूनही गेलेलो नाही. मागच्या खेपेला ते बराच वेळ त्या उताराकडे बघत होते. स्टीलच्या पेल्यातला चहा मी त्यांच्या ओठांशी धरला होता.

"पलीकडं काय असेल हो?" त्यांनी विचारलं. आवाजही आता बारीक झालाय.

"कुत्री," मी म्हणालो. "सहासात आहेत."

"सोडत नाहीत?"

"सायकलवाल्याला तर नाहीच."

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि चहाचा घोट घेतला.