फुंकणीवाले नाना

नाना भिंतीला भोक पाडून गेले, हे फक्त आवाजावरून कळायचं. जळगावात माझं पडद्यांचं दुकान आहे. पडदे मी शिवते, पण रॉड बसवायला माणूस लागतो, आणि ड्रिलवाला घरात आला की सोफ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत पांढरी भुकटी ठरलेली. माझे रॉड नाना बसवत, आणि ते काम करून गेले की मात्र कुणाला केरसुणी हातात घ्यावी लागत नसे. एका मारवाडी शेठाणीच्या दिवाणखान्यात पापड वाळत घातले होते आणि नानांनी नेमकी त्यांच्या वरच छतात भोकं पाडली. शेठाणीनं पापडावर बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "नाना, भोक पाडलं की नुसतीच मशीन फिरवली?"

त्यांची तयारी लग्नघरासारखी चाले. खाली ओला टॉवेल. भिंतीवर भोकाच्या जागेखाली चिकटपट्टीनं डकवलेला कागदाचा खिसा. छतासाठी रबरी चेंडू अर्धा कापून त्यातून ड्रिलचं पातं ओवलेलं. वरून पडणारा सगळा चुरा त्या वाटीत. "धूय म्हंजे बिनबलायेल पाव्हना," नाना धुळीबद्दल त्यांच्या अहिराणीत म्हणायचे. "तिले दारमाच धरनं पडस." मी हसले की ते आणखी गंभीर होत.

एवढं झाल्यावर खिशातून फुंकणी निघे. बोटाएवढी बारीक पितळी नळी. भोकात उरलेली धूळ निघाली नाही, तर स्क्रूसाठी आत ठोकायची प्लॅस्टिकची गिट्टी धरत नाही. म्हणून नळीभोवती ओलं फडकं गुंडाळायचं, ती भोकात घालायची आणि जोरात फुंकायचं. धूळ फडक्यात अडके. जी अडकत नसे, ती नळीतून उलटी नानांच्या तोंडात येई. ते डोळे मिटत, खाकरत, पदराआडून थुंकावं तसं रुमालात थुंकत आणि पुढच्या भोकाकडे वळत.

खोकला सुरू झाला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पुढे ते जिन्यावर मध्येच थांबू लागले. "जिना बांधनाऱ्याले अक्कल नव्हती," म्हणत कठडा धरून उभे राहायचे. एकदा धापा टाकत ते माझ्या शेजारी उभे राहिले, तेव्हा त्यांची छाती मला जवळून ऐकू आली. आत कुणीतरी कागद चुरगळत असावं असा आवाज येत होता. त्या आवाजाची मला भीती वाटली.

मी त्यांना रबरी फुगा दाबून हवा मारायचा पंप आणून दिला. तोंड लावायचं कामच नाही. नानांनी तो वापरला आणि पहिल्याच घरात बाईच्या काचेच्या कपाटावर धूळ बसली. त्यांनी पंप माझ्या टेबलावर आणून ठेवला. "हाऊ भोक साफ करस, पन धूय घरभर वाटस. लोके माले नाव ठेवतीन." मी चिडले, "नाना, नाव राहील आणि तुम्ही जाल!" त्यावर ते म्हणाले, "माले काय व्हस, ताई? आम्ही मातीमाच वाढेल माणसं."

शेवटी त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, त्यांना बळेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितलं की भिंतींची धूळ आत बसली आहे, ती आता निघणार नाही. निदान नवी जाऊ देऊ नका. मी चांगला जाड मास्क घेऊन दिला. दुसऱ्या दिवशी नाना तो लावून शिस्तीत हजर. मला बरं वाटलं. जवळ आले तेव्हा पाहिलं, तर मास्कला बरोबर ओठांसमोर कात्रीनं गोल भोक पाडलेलं. "तोंड बंद ठेवसू तं फुकसू कसा?" नाना म्हणाले. दुकानातल्या मुली खदाखदा हसल्या. मी मात्र त्याच दिवशी त्यांचं काम बंद केलं, पण इतरांकडे ते जातच राहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्कांचा पहूरहून फोन आला. नाना गावी खाटेला खिळले होते, आतल्या खोलीत जीव घुसमटत होता, भिंतीवर पंखा लावायचा होता. मी पंखा घेतला आणि माझा नवा कारागीर सुनील याला घेऊन गेले. सुनील नानांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं ओला टॉवेल पसरला, कागदाचा खिसा डकवला. नाना बघत होते. ड्रिलची वायर प्लगला लागली तसे ते कोपरावर उठायची धडपड करू लागले.

"आधी माले बाहेर काढा," ते म्हणाले. "धूय उडी."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःसाठी धुळीची भीती वाटली होती. आम्ही खाट उचलून ओट्यावर आणली. मी पाठ फिरवून रडून घेतलं.

काम झालं. अक्कांनी भिंत पुसली, फरशी पुसली, परत पुसली. नाना ओट्यावरून विचारत होते, "धूय बसनी का?"

"बसनी, बठ्ठी धूय पुसी लिधी. चला आत," अक्का म्हणाल्या.

नानांनी दाराकडे पाहिलं. "जी डोयाले दिखस नही, तीच ऱ्हास," ते म्हणाले आणि खाटेची कड घट्ट धरून बसले.

मग त्यांना कुणीच आत नेऊ शकलं नाही. अक्का ओट्यावरच त्यांच्या उशाशी विंझणा घेऊन वारा घालत बसत. नाना गेले तेही ओट्यावरच. त्या पंख्याखाली ते एकदाही झोपले नाहीत.