शमीमच्या पातेल्यातला बटाटा

नाशिकहून नांदगावची एसटी पकडली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. खिडकीची जागा मिळाली, पण काच अर्ध्यात अडकलेली. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या टेम्पोंमागे गाडी जी थांबली ती हलेचना. धूळ, हॉर्न आणि कंडक्टरचं उर्मट बोलणं, सगळं सहन केलं. कारण पलीकडे शमीम होती आणि तिच्या हातचं आलूचं सालन (बटाट्याची रस्सा भाजी).

शमीम आणि मी नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स होतो. नोकरीभर दुपारी एकत्र जेवलो. महिनाअखेरीला तिच्या डब्यात हमखास बटाटा असायचा आणि तो मीच फस्त करायचे. निवृत्तीनंतर ती मुलाकडे, सलीमकडे, नांदगावला राहायला गेली. तिथे मी पहिल्यांदाच चालले होते.

मनमाड सोडलं तसे उघडे माळ सुरू झाले, मधूनच बाभळी. नांदगावच्या स्टँडवर सलीम स्कूटर घेऊन उभा होता. हँडलला पार्सलची पिशवी लटकत होती.

घरी शमीम गळ्यात पडली. गप्पा झाल्या. मग सलीमने माझ्यापुढे कागदाची प्लेट मांडली, शेजारी पाण्याची सीलबंद बाटली.

"मावशी, पनीर आणलंय. प्युअर व्हेज हॉटेलचं हाय. आमच्या भांड्याला लागलं नाय कुठं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

"मी काय परकी आहे का रे? तुझ्या आईच्या डब्यात जेवून म्हातारी झाले मी!"

सलीम खाली बघू लागला. शमीम म्हणाली, "त्याच्यावर नको चिडू. मागं त्याच्या धंद्यातल्या भागीदाराच्या घरची माणसं जेवायला आली होती. मी नवं पातेलं आणलं, सालन केलं, पुऱ्या तळल्या. सगळे म्हणाले, उपास हाय. लहान पोरीचाबी उपास! अन् जाताना चौकात भेळ खात होते, सलीमनं बघितलं."

मला भयंकर संताप आला. दुपारभर गॅसपुढे उभ्या राहिलेल्या बाईच्या तोंडावर असं खोटं बोलताना त्यांना काहीच कसं वाटलं नाही? आणि मान खाली घालायची ती या मायलेकांनी?

"ऊठ," मी म्हटलं. "बटाटे कुठे आहेत?"

ती उठली, पण ओट्याशी जाऊन वळली. "सुमन, तुला चालेल ना गं?"

सगळ्यांत जास्त राग मला या प्रश्नाचा आला. त्या लोकांनी शमीमवर माझ्याशी असं बोलायची वेळ आणली होती. मी सरळ कांदे चिरायला घेतले.

तिने कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईतो भाजलं, आलं-लसूण घालून वाटलं. वाटण तेलात परतून घरचा मसाला टाकला. उकडलेले बटाटे हातानेच फोडून घातले आणि दोन-चार फोडी चमच्याने चिरडल्या, म्हणजे रस्सा दाट होतो. घरात असतं तेवढंच सामान, पण वास गल्लीत गेला असेल. आम्ही तिघं त्याच पातेल्यातून वाढून घेत जेवलो. पनीरची पिशवी कुणी सोडलीही नाही.

निघताना तिने डबा भरून दिला. "शेजारणीलाबी दे हां."

नाशिकला पोचले तर शेजारच्या नलूताई माझी किल्ली द्यायला आल्या. त्यांना पोळी आणि वाटीभर रस्सा वाढला. "काय चव आहे हो!" म्हणत त्यांनी पुन्हा घेतला. मग विचारलं, "कुणाकडचं?" मी सांगितलं. त्यांनी वाटी सरकवली, बेसिनपाशी गेल्या आणि चूळ भरू लागल्या.

"मीही तिथेच जेवून आले, नलूताई," मी दार उघडून म्हटलं. "आता माझ्याकडचा चहाही तुम्हाला चालायचा नाही."

त्या गेल्या आणि शमीमचा फोन आला. "आवडलं का गं शेजारणीला?"

"दोनदा वाढून घेतलं त्यांनी."

"ऐकलं का सलीम? दोनदा घेतलं!" ती तिकडे ओरडून सांगत होती. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली असेल.

मी बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण पुढचं खरं मैत्रिणीपासून लपवायची पाळी त्या बाईने माझ्यावर आणली, याचा राग अजून गेलेला नाही.