त्या गटात न येणारा मुलगा

शिपायानं माझी वेणी धरून मला वर्गाबाहेर ओढलं. सगळ्यांसमोर. गणिताच्या बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

एकोणीसशे नव्वद साल. मी पंधरा वर्षांची. आई कुवेतमधल्या एका दवाखान्यात नर्स. राहायला आम्ही जलीबला, मजुरांच्या गर्दीत, एका खोलीत. शाळेमागे तीन मुलं नशेसाठी रंगाचं थिनर हुंगताना सापडली होती. त्यातला एक डॉक्टरांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. डॉक्टर पुण्याचे. शाळेचे डॉक्टर आणि आईचे साहेब. पोरांच्या नशेवर त्यांचं संशोधन चाललं होतं.

रक्त तपासायला मला त्यांच्या दवाखान्यात नेलं. आई तिथंच कामावर होती. बाकावर सगळी जलीबची पोरं. मल्याळी, पाकिस्तानी, दोघं बिदून, म्हणजे ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणत नाही. कुवेती एकही नाही. सापडलेल्या तिघांतलाही एकही नाही.

"सर, तुमचा मुलगा?" मी विचारलं.

"तो त्या गटात येत नाही."

मग आईकडे वळून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

आईनं परभणीकडच्या गावाचं नाव सांगितलं. त्यांना गाव नको होतं.

"गावातल्या, की गावाबाहेरच्या?"

आई नळ्यांचा ट्रे पुसू लागली. ते हसले.

"मग बरोबर आहे. धरा हिला."

आईनं माझा हात धरला. घट्ट. माझ्या आईनं. गावाबाहेरची ती वस्ती सुटावी म्हणून बाई समुद्र ओलांडून आली होती.

सुई शिरेवरून घसरली. पुन्हा खुपसली. मी हात हिसडला तशी डॉक्टरांनी थोबाडीत मारली. ओठ फुटला. मी ट्रे उचलला आणि फरशीवर आपटला. काचेच्या नळ्या, सगळ्या पोरांचं रक्त, सगळं एक झालं. त्यांनी मानेला धरून मला गुडघ्यांवर पाडलं. काचा वेच म्हणाले. एक तळव्यात खोल घुसली.

तेव्हा आईनं त्यांचं मनगट पकडलं. असं पिरगाळलं की डॉक्टर कळवळले.

"सोडा तिला. परत हात लावलात तर हाड मोडीन." आवाज चढवला नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला. मुलीनं माफी मागून रक्त द्यावं, नोकरी राहील. आईनं मला विचारलं, मागतेस? मी नाही म्हणाले. तिनं गणवेश धुऊन परत पाठवला. नोकरी गेली. माझी शाळाही गेली. ऑगस्टात इराकी रणगाडे शिरले आणि आम्ही वाळवंटातून हाकलल्यागत निघालो.

लढाई संपल्यावर, एक्याण्णवमध्ये, आईच्या मैत्रिणीकडून डॉक्टरांचा निष्कर्ष कळला. एशियन मजुरांच्या पोरांत नशा जास्त. दुसऱ्या कुणाला तपासलंच नव्हतं.

त्यात माझं रक्त नाही. यापुढेही मिळणार नाही. डॉक्टर, आधी तुमच्या घरातल्या पोराची बाही वर करा. तोवर आमच्या एकाही पोराच्या दंडाला सुई लावू देणार नाही.