चिंध्यांची वाटणी

कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला, की मी आजही साताऱ्यातल्या या फ्लॅटमधून थेट उंब्रजला, मावशीच्या माजघरात जाऊन उभी राहते. मावशीला मूलबाळ नव्हतं, फौजी नवरा कधीच गेलेला. माघारी भांडणं नकोत म्हणून तिनं हयातीतच वाटणी केली, तीही आपल्या पद्धतीनं. लिहिता येत नसे, म्हणून आम्हा भाच्यांपैकी प्रत्येकीची जुनी साडी मागून घेतली, तिच्या चिंध्या फाडल्या आणि जी वस्तू जिची, तिला तिची चिंधी बांधली. पितळी डबे, जातं, फौजेतली ट्रंक, सगळ्यांना गाठी. वारा आला की आम्हा साऱ्याजणींची लुगडी त्या घरात हलायची, आत माणूस नसलेली. मला तिथं फार वेळ बसवत नसे.

ती स्वतः मात्र पाहुण्यासारखी वावरू लागली होती. पाणी प्यायचं तरी मला विचारायची, “बाय, तुज्या तांब्यातनं घोटभर घिऊ न्हवं?”

“मावशी, असं काय बोलतेस! तुझाच तांब्या आहे.”

“माजं काय हाय आता हितं? समद्यांची सोय लावली, माजीच ऱ्हायली. दिराच्या पोरानं आग दिली, तर जीव हितंच घुटमळंल बग माजा.”

मी हसून विषय टाळला. बाईनं अग्नी द्यायचा, हे आमच्यात कुणी तोंडातून काढलं नसतं.

ती गेली. अंघोळ घालताना चोळीची बाही वर सरकली आणि बायका दचकून मागे झाल्या. दंडाला माझ्या मोरपंखी साडीची चिंधी होती. गाठ इतकी घट्ट, की एका हाताची वाटेना. पण त्या घरात तिच्याखेरीज कुणी राहत नव्हतं.

अंगणात कुजबुज झाली. दिराच्या मुलानं हातातलं मडकं खाली ठेवलं, म्हणाला, “ताई, तुमीच धरा. तिनं सांगितलंय.” मी पुढं झाले. मडकं उचललं.

आता तिच्या वस्तू ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. काही झिजल्या, काही मोडीतही गेल्या असतील. माझ्या वाट्याला आलेलं मात्र तसंच आहे. घरात एकटी असले, की पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. भीती वाटतेच. तरी मी वळून पाहते, तिला परकं वाटू नये म्हणून.