आठ इंची तुळई आणि माझा धीर

हसणार असाल तर चहा आधी खाली ठेवा, नंतर ठसका लागला तर मला बोल लावू नका!

भूकंप झाला त्या वर्षीची गोष्ट. लातुरात मी बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचो. आमचं घर उभं होतं, पण जमीन अधूनमधून हलायची. मग आत झोपायची हिंमत कुणाची? अख्खी गल्ली अंगणात. आमची तान्ही पोर गारठ्यानं खोकून राहिली होती आणि माझा जीव टांगणीला. म्हटलं, अंगणात लाकडी मांडव घालू, वर पत्रे टाकू.

तुळया किती जाड हव्यात? अहो, हे तर मी फळ्यावर शिकवायचो! पत्र्यांचं वजन धरलं, वाऱ्याचा जोर धरला. चिंचेवरची वानरं उड्या मारतील, तीसुद्धा धरली. उत्तर आलं चार इंच. पण पोरीचा प्रश्न, धीर कसा होणार? केलं दुप्पट!

सासरे बिलोलीचे. नांदेडहून लाकूड आणायला तेच निघाले.

"जावईबापू, किती इंची आणू?"

"आठ इंची, मामा."

टेंपोतून उतरलं बारा इंची सागवान! मी बघतच राहिलो.

"तुमचं पुस्तकातलं गणित. नातीसाठी जरा वरचं धरलं," मामा म्हणाले.

सुताराला मी सांगितलं होतं, दोन तुळयांत चार हात अंतर ठेवा. त्यानं ठेवलं एकच हात.

"सर, लेकराबाळाचं काम हाय. भीती वाटली, जवळजवळ टाकल्या."

मांडव उभा राहिला. आमची बायको सुमन पोरीला घेऊन मांडवाखाली आली, वर बघितलं आणि बसेचना.

"अहो, हे पडलं तर?"

"कसं पडेल? वर हत्ती नाचव!"

"हत्तीचं न्हाई विचारलं. ह्या लाकडाचं वजन किती हाय?"

मी मनातल्या मनात हिशेब चाळला. पत्रे धरले, वारा धरला, वानरं धरली... तुळयांचं स्वतःचं वजन धरायचंच राहिलं! आणि खांब? ते माझ्या पहिल्या हिशेबाचे, बारीक. डोक्यावर पडेल ते प्रत्येकानं वाढवलं होतं, खांबांची काळजी कुणालाच वाटली नव्हती.

"उद्या खांब बदलतो," मी म्हणालो. पोरीला गोधडीवर निजवून आम्ही सगळे कसेबसे मांडवाखालीच जेवायला बसलो.

तेवढ्यात ताटं खडखडली. जमीन हलली!

आम्ही सगळ्यांनी एकदम वर बघितलं आणि धूम ठोकली. कुठं? घरात!

"सर, बाहेर या! भूकंप आलाय!" गल्ली ओरडत होती.

"बाहेर मांडव हाय!" मी आतून ओरडलो.

धक्का थांबला. मांडव उभाच होता. मी दम खात खाटेवर बसलो, तर मागून मामा आले, पोरीला कडेवर घेऊन.

"जावईबापू," ते म्हणाले, "ही मांडवाखालीच राहिली होती."