केळ्यांच्या खोलीत पिकलेली बॅटरी

आमच्या घरात लेकरासारखी जपलेली वस्तू एकच, माझ्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी. काडेपेटीएवढी, चपटी, राखाडी. आणि जपून जपूनच मी तिचा जीव घेतला. दुर्लक्ष केलं असतं तर कदाचित आजही चालली असती.

मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. मुलगी दहावीत असताना हौसेने खिशात मावेल असा कॅमेरा घेतला. बरोबर एक पुस्तिका आली होती. तिच्यात फोटो कसे काढावेत यावर दोन पानं आणि बॅटरी कशी जपावी यावर चार. फोटो मला येतात, अशी माझी समजूत होती, म्हणून मी ती चार पानंच पाठ केली. उन्हात ठेवू नका. पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. भरल्यावर चार्जरमध्ये पडू देऊ नका. बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धी भरून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे मी चहाबरोबर ऐकवत असे. लोक चहा लवकर संपवू लागले.

बायको माहेरची साक्रीकडची, मी रावेरकडचा. ‘आहे’ला तिच्या बोलण्यात ‘शे’, माझ्या बोलण्यात ‘हाये’. तीस वर्षांत दोघांपैकी कुणी माघार घेतली नाही. मी बॅटरी पुसून, कापडात गुंडाळून डबीत ठेवत असलो की ती ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, “काय ओ, माले बी लावा ना कधी चार्जिंगले. सकायपाईन उभी शे मी.”

मी म्हणायचो, “तुझ्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं नाही.”

आता हे नियम मी पाळले कसे, तेही सांगून टाकतो. ‘उन्हात ठेवू नका’ हे पाठ असलेल्या माणसाने भर मे महिन्यात, एका लग्नात, कॅमेरा स्कूटरच्या डिकीत ठेवला. उन्हात नव्हताच तो, डिकीत होता. जेवून, पान खाऊन, दोन ठिकाणी बॅटरीवर भाषण देऊन परत आलो, तर डिकीच्या कडीला हात लावता येईना. कॅमेरा उपरण्यात धरून घरी आणला.

त्या दिवशी मला साक्षात्कार झाला की जळगावात मे महिन्यात थंड जागाच नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं. कूलरजवळ पाणी. माठाच्या तिवईखाली मुंग्या. मग रावेर आठवलं. माझ्या मोठ्या भावाची तिथे केळी पिकवायची खोली आहे. जाड दरवाजा, आत यंत्राचा गारवा, रचलेली क्रेटं. बाहेर कावळे धापा टाकत असताना त्या खोलीत शाल घ्यावी लागते. सुट्टीत गेलो तेव्हा बॅटरी डबीत घालून एका क्रेटच्या कोपऱ्यात ठेवून दिली आणि महिनाभर निश्चिंत झालो.

थंड जागा मिळाली या आनंदात ‘आणि कोरड्या’ हे दोन शब्द मी सोयीने विसरलो होतो. केळी नीट पिकायला हवेत ओल लागते, आणि ती खोली सदा ओली ठेवतात. हे रावेरच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला कळतं, आणि मीही तोच. जूनमध्ये डबी उघडली तर आत पाण्याचे थेंब. बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पुटं चढलेली, आणि वास असा की सोलून खावी.

भाऊ क्रेटं मोजत होता. माझा चेहरा बघून म्हणाला, “काय रे, पिकली का तुही बॅटरी? का अजून दोन दिवस ठेवू?”

खोडरबराने पट्ट्या घासल्या. चालू लागली, पण पहिल्यासारखी नाही. त्यानंतर कधीतरी कॅमेऱ्याच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना येऊ लागली, की बॅटरीची ताकद कमी झाली आहे, नवी घ्या. शेजारी एक लाल पट्टी लुकलुकायची. मी ती सूचना बटण दाबून घालवत असे. जगाला बॅटरीचे नियम सांगणाऱ्याने स्वतःच्या बॅटरीबद्दल कॅमेऱ्याचं ऐकायचं म्हणजे काय!

बायको जाऊन आता दोन वर्षं झाली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, ते मला जमत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, “बाबा, तुमच्याकडे आईचा आवाज आहे का कुठे? फोटो खूप आहेत. आवाज.”

“आहे की,” मी म्हणालो. “ढीगभर आहे. शोधून पाठवतो.”

फोन ठेवला आणि बसलो शोधत. कार्डं, कॉम्प्युटर, जुन्या सीड्या. लग्नांच्या चित्रफिती होत्या, त्यात बँडचा आवाज. शाळेची संमेलनं होती, त्यात मुख्याध्यापकांचा आवाज. ती जिथे जिथे होती तिथे गप्प होती. कॅमेरा रोखला की ती आधी पंजा पुढे करायची, मग पदर सारखा करायची, आणि मग पासपोर्टच्या फोटोसारखी उभी राहायची. मी बटण बंद केलं की पुन्हा बोलायला लागायची. तीन दिवस शोधलं. चौथ्या दिवशी ध्यानात आलं की ती मला ‘काय ओ’ कशी म्हणायची, ते मलाही नीट आठवेना. शब्द आठवत होते. मधला तो हेल, जरासा वर जाऊन खाली यायचा, तो हाताला लागत नव्हता. मी स्वयंपाकघरात उभा राहून स्वतः म्हणून बघितलं. लोकांनी ऐकलं असतं तर वेडात काढलं असतं.

मग त्या जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून बघावं म्हणून तो कपाटातून काढला. कार्ड काढलं आणि उगाच, सवयीने, कॅमेरा चालू केला. चालू झाला! कार्ड नसताना पडद्यावर सात चौकोन उमटले. सहा फोटो आणि एक चित्रफीत. कॅमेऱ्याच्या पोटातही थोडी जागा असते आणि कार्ड नसलं की चित्रं तिथे जातात, हे मी साफ विसरलो होतो. चित्रफितीच्या चौकोनात आमची गच्ची होती, पिवळ्या पातळाचा काठ होता आणि पुढे केलेला पंजा.

तो दिवस आठवला. ती जायच्या आदल्या वर्षीचा मे. गच्चीवर ती कुरडया घालत होती आणि मी कार्ड कॉम्प्युटरच्या खाचेत विसरून वर गेलो होतो.

मी बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली, भिंग आत गेलं, सगळं काळं.

चार्जरला लावलं तर त्याचा दिवा भराभरा लुकलुकू लागला. तसा लुकलुकला की बॅटरी काढून घ्या, हे चौथ्या पानावर होतं. तरी मी दहा मिनिटं ठेवली. बॅटरी तापली, आणि मधोमध पुरीसारखी फुगली. कॅमेऱ्यात पुन्हा घालताना दाबून घालावी लागली, काढताना फूटपट्टीने उचकटावी लागली. फुगलेल्या बॅटरीला दाबू नये, उचकटू नये, हेही मला पाठ होतं.

पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी तोच मूर्खपणा केला. बॅटरी दोन्ही तळव्यांत चोळायची, कॅमेऱ्यात घालायची, बटण दाबायचं. चारेक सेकंद तो चौकोन दिसायचा. काठ, पंजा, मागे दोरीवर वाळत घातलेली माझीच चड्डी. चित्रफीत सुरू करायला बोट जाईपर्यंत काळं. त्या चार सेकंदांसाठी मी देवपूजा उरकून, दाढी करून बसत असे. नवव्या दिवशी काही दिसलं नाही.

जळगावातल्या दुकानदाराने सांगितलं की ही बॅटरी येणं बंद झालंय. त्याच मापाची दुसरी दिली. ती घातल्यावर कॅमेऱ्याने लिहिलं, ‘ही बॅटरी वापरता येणार नाही’, आणि बंद झाला. वायरीने कॉम्प्युटरला जोडून बघितला, तर त्यासाठीही कॅमेरा आधी चालू हवा. दुकानदारच म्हणाला, “सर, धुळ्याला एक आबा आहेत. जुने फ्लॅश, रेडिओ, कॅमेरे बघतात. त्यांच्याकडे जाऊन या.”

पहिल्या बसने निघालो. एरंडोल, पारोळा, आणि धुळ्यात उतरेपर्यंत ऊन तापलेलं. आबांचं दुकान म्हणजे गल्लीतली एक अरुंद खोली, भिंतीला उघडे रेडिओ. आबा सत्तरीच्या पुढचे, डोळ्याला घड्याळजीसारखी काचेची नळी. जळगावचा चित्रकलेचा मास्तर, अशी ओळख सांगून मी कॅमेरा पुढे केला.

“बॅटरी कोठे शे?”

मी शर्टाच्या खिशातून काढून दिली.

आबांनी नळी काढली. “खिसामा? मास्तर, या उन्हामा जळगावपाईन छातीवर फटाका बांधीसन उनात का?”

“मला बॅटरीची माहिती आहे, आबा. मी...”

“दिसी राह्यनी माहिती.” त्यांनी बॅटरी चिमटीत धरून वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात अलगद ठेवली. “दाबू नका, टोचू नका, आते चार्जिंगले ते लावूच नका. कोनी फुगाडी इले?”

मी केळ्यांच्या खोलीपासून सगळं सांगितलं. आबा हसता हसता स्टुलावरून घसरायचे राहिले. मग त्यांनी विचारलं, “इतला जीव कसामा अडकेल शे?”

“घरवालीचा आवाज आहे आत,” मी म्हणालो. “दुसरीकडे कुठे नाही.”

आबांचं हसू थांबलं. त्यांनी टेबल मोकळं केलं. “बठ्ठं नीट व्हई. घाबरू नका,” म्हणाले.

त्यांनी त्याच मापाच्या एका मेलेल्या बॅटरीचं रिकामं टरफल काढलं, त्याला वायरी जोडल्या आणि दुसरी टोकं टेबलावरच्या, हवी तेवढीच वीज सोडणाऱ्या एका पेटीला लावली. बॅटरीच्या बाजूला तीन पट्ट्या असतात. दोन विजेच्या, तिसरी बॅटरी किती तापली ते कॅमेऱ्याला सांगणारी. दुकानदाराच्या बॅटरीची ती तिसरी पट्टी नीट बोलत नसणार, असं आबा म्हणाले. मला ती तिसरी पट्टी माहीतच नव्हती. चार पानं पाठ असून! आबांनी तिसऱ्या पट्टीसाठी, ‘बॅटरी गार आहे’ असं कॅमेऱ्याला सांगणारा मोहरीएवढा एक तुकडा डाग देऊन बसवला, टरफल कॅमेऱ्यात सरकवलं, आणि पेटीचा खटका हळूच फिरवला.

भिंग बाहेर आलं. सात चौकोन आले. लाल पट्टी नव्हती.

“दाबा,” आबा म्हणाले. मी चष्मा पुसत बसलो, म्हणून त्यांनीच दाबलं.

तेवीस सेकंदांची चित्रफीत. पहिला आवाज माझा. “हं, इकडे बघ. हात काढ. हात काढ म्हणतो ना. बोल काहीतरी. लवकर बोल, बॅटरी लाल झालीये. मी तुला सांगितलं होतं ना, ही बॅटरी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नसते, कारण...”

“मास्तर,” आबा हळूच म्हणाले, “तुम्हीच बोली राह्यनात.”

मी माझ्याच आवाजावर दात खात होतो. गप्प बस ना रे. पंधरा सेकंद गेले, सतरा गेले. मग पंजा बाजूला झाला. घामाने कपाळावर चिकटलेले केस, हाताला कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक लागलेला, आणि ती हसत होती.

“काय ओ, लाल व्हयनी ते बंद करा ना. चीक खाई ल्या पहिले, थंडा व्हई राह्यना.”

आणि काळं. ते काळं कॅमेऱ्यातलंच होतं, तिथेच बॅटरी गेली होती.

तो हेल तिथे होता. वर जाऊन खाली येणारा. मी घरात म्हणून बघितला होता त्यापेक्षा पुष्कळ बारीक, आणि जास्त थट्टेचा.

आबांनी कार्ड घालून चित्रफीत त्यावर उतरवून दिली. काम झालं होतं, तरी मी उठेना. “अजून एकदा ऐकू का?”

आबा पेटीच्या काट्याकडे बघत होते. “आयका. करंट मन्हा शे. कितला बी येळ आयका.”

परतीच्या बसमध्ये मला पुढचं आठवलं, जे चित्रफितीत नव्हतं. त्या दिवशी बॅटरी संपली तसा मी चार्जर शोधायला खाली पळालो होतो. चार्जर सापडेपर्यंत अर्धा तास गेला. वर आलो तेव्हा तिने वाटीवर ताटली झाकून ठेवली होती. चीक गार होऊन वर साय धरली होती. “राहू दे,” मी म्हणालो, “आता नको.” तिने वाटी उचलली आणि म्हणाली, “आते त्याना फोटो काढा.”

मुलीला चित्रफीत पाठवली. तिचा फोन आला. म्हणाली, “बाबा, तुम्ही किती बोलता हो.”

“हो,” मी म्हणालो. आणि त्यापुढे, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, काही बोललो नाही.

चार दिवसांनी शेजारच्या अक्कांच्या गच्चीवर पातेल्यात चीक रटरटत होता. मी आमच्या गच्चीवरून कठड्याशी गेलो. “अक्का, वाटीभर चीक मिळेल का?”

अक्का झाऱ्या थांबवून बघत राहिल्या. “मास्तर, तुम्ही कधीपासून खायला लागले चीक?”

त्यांनी वाटी दिली, वर कच्चं तेल, चिमूटभर तिखट. मी टाकीच्या सावलीत बसलो. फोनवर चित्रफीत लावली. ‘हं, इकडे बघ,’ माझा तो मूर्ख आवाज सुरू झाला. पहिल्याच घासाला जीभ पोळली. अक्का तिकडून ओरडल्या, “फुंका ना ओ मास्तर, काय घाई!”

सतराव्या सेकंदाला फोनने वर लाल खूण दाखवली, पंधरा टक्के बॅटरी उरली म्हणून. चार्जर खाली होता. मी वाटी हातातून खाली ठेवली नाही. फुंकर घातली आणि दुसरा घास घेतला.